डावा मडगार्ड

"डावा मडगार्ड राहू दे," बाबा म्हणाले. "बाकीचं काय ते करा."

मिस्त्रीने हातातली कानस खाली ठेवली. जुन्या गाड्यांचा सडका पत्रा कापून नवा जोडण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. गाडीवर जीव असलेली गिऱ्हाइकं आणि शेजाऱ्यांना दाखवायला आलेली गिऱ्हाइकं तो चालण्यावरून ओळखायचा. बाबांना कोणत्या खणात टाकावं ते त्याला ठरवता येईना.

"आजोबा, सगळ्यात जास्त गंज तिथेच आहे. खालची कड बोटाने भुगा होतेय. नवरीच्या पायाशी गळून पडली म्हणजे?"

"नाही पडणार."

"त्या कडेला तसं बजावलंय वाटतं तुम्ही?"

बाबांची लेक हसली नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळून ती गाडीच्या उजव्या बाजूला उभी होती. सकाळपासून डावीकडे आलीच नव्हती.

गाडी क्रीम रंगाची. बाबांनी कोरी करकरीत घेतलेली; तिला दुसरा रंग कधी लागलाच नव्हता. समोरच्या शिवणवाल्या मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मावशींनी जन्मात पहिल्यांदा या घराकडे काही मागितलं. नवरीला न्यायला ही गाडी हवी. बाबा एरवी दोन शब्दांत भागत असेल तिथे तिसरा काढायचे नाहीत. त्या दिवशी मात्र 'हो, हो, नक्की, का नाही' असे चार-पाच एकदम बोलून गेले.

मावशींचा नवरा पोस्टमन होता. सव्वीस वर्षांपूर्वी दाट धुक्याच्या एका पहाटे कुठल्याशा पांढरट गाडीची डावी बाजू त्याच्या सायकलीला लागली. गाडी थांबली नाही. तो रस्त्यावरच गेला. आजची नवरी तेव्हा चार महिन्यांची होती.

त्याच पहाटे लेक, तेव्हा एकोणीस वर्षांची, बाबांना न विचारता गाडी घेऊन निघाली होती. नुकती शिकलेली, हौस दांडगी. धुक्यात डावीकडे काहीतरी धाडकन लागलं. कुत्रं असेल, असं स्वतःला सांगत ती घरी आली आणि तोंडावर पांघरूण ओढून पडली. पुढचे चार दिवस तापाने फणफणत होती. बाबांना नेमका तेव्हाच फाटकाला रंग द्यायचा होता. आयुष्यात भिंतीत खिळा न ठोकलेला माणूस! त्या वासाने तिचं डोकं भणभणायचं.

पाचव्या दिवशी ती उठून गाडीपाशी गेली. डावा मडगार्ड गुळगुळीत. पोचा नाही, ओरखडा नाही. दुपारी पोलीस आले. गल्लीतल्या सगळ्या पांढरट गाड्या बघत होते. त्यांनीही हात फिरवला आणि चहा पिऊन गेले.

म्हणजे कुत्रंच.

कित्येक वर्षं ती त्या गुळगुळीत पत्र्याच्या भरवशावर झोपत आली होती. पोचा ठोकून काढता येतो, वर पुट्टी थापून रंग मारता येतो, हे तिला फार उशिरा कळलं. तेव्हापासून झोप उडाली. स्टिअरिंगला तर त्या पहाटेनंतर तिने हात लावला नव्हता. बाबांनी कधी कारण विचारलं नाही. तिनेही कधी काही सांगितलं नाही.

मिस्त्रीने उजवा मडगार्ड बोल्ट काढून उतरवला, उलटा केला आणि आतला चिखल खरवडला. खाली क्रीम रंग निघाला, काल लावल्यासारखा.

"बघा ताई. वरून काहीही फासा, आत कंपनीचा रंग राहतोच. आमच्या हिचं माहेर जसं. चाळीस वर्षं झाली, आतून तस्संच."

"मिस्त्री," तिने विचारलं, "डावीकडे पुट्टी भरलीय का, कळेल?"

"कशाला?" बाबा एकदम म्हणाले.

"कळेल की." मिस्त्रीने खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं. "पुट्टी असली की हे घसरतं."

तिने डोळे मिटले. टक. पुन्हा टक. चुंबक वरपासून खालपर्यंत चिकटत गेलं. मिस्त्रीने खाली वाकून आतूनही बोटं फिरवली.

"पुट्टी नाही. हातोडासुद्धा लागलेला नाही या पत्र्याला. ही बाजू कधी कुठे ठोकलेलीच नाही, लिहून देतो."

ती तिथल्या टायरवर मटकन बसली आणि इतकी हसली की मिस्त्री बावरला.

"काढा तोसुद्धा! नवा करा अगदी!"

"नको म्हटलं ना मी," बाबा म्हणाले. पण मिस्त्रीने पाना लावला होता.

तिने फोन लावला. "मावशी, गाडी वेळेवर मिळतेय!"

"तुझे बाबा आहेत म्हणून गं. कोण एवढं करतं!" पलीकडे शिवणयंत्र थांबलं. "आणि ऐक, गाडी तूच चालवायची. माझी पोर तुझ्या मांडीवर वाढलीय. ड्रायव्हरबिव्हर नको."

"हो मावशी," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला स्टिअरिंगची भीती वाटली नाही. "मीच चालवते."

बाबा स्टुलावरून उठले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मिस्त्रीने मडगार्ड उतरवून तिच्यासमोर उलटा ठेवला आणि फडक्याने आतला चिखल पुसला.

"हा बघा, कंपनीचा रंग," तो म्हणाला, आणि त्याचं फडकं थांबलं.

आतून मडगार्ड निळा होता.