टेबलावरची केबल

सकाळी नऊला मेकॅनिकने शटर वर केले, तेव्हा नर्सताई वडिलांची जुनी मोटारसायकल ढकलत दारात आल्या.

"क्लच पुन्हा दगडासारखा जड. केबल बदललीत, की थाप मारलीत?"

तीस वर्षांत त्याला कोणी खोटारडा म्हटले नव्हते. संतापून त्याने त्यांच्यादेखत केबल काढून टेबलावर टाकली. "आता हँडलवरची लिव्हर सैल पडली पाहिजे. दाबा."

त्यांनी दोन्ही हातांनी दाबली, पण ती हलेना. "बघा तुमचं काम."

दात-ओठ खात त्याने स्वतः दाबली. लिव्हर निम्मी आत आली, आणि त्यांच्या पाठीमागे टेबलावरच्या केबलमधली तार तेवढीच सरकली. त्याने जोर सोडला नव्हता, तरी तार हळूहळू परत फिरली आणि त्याची बोटे एकेक करून उघडत गेली.

"चूक माझीच, ताई. ही गाडी इथेच राहू द्या," म्हणत त्याने स्वतःच्या गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.