शिळेवरचा कवला

"काका, थांबा! तोडू नका!"

गीतांजली एवढ्या जोरात ओरडली की ऋषीची बाईक स्टँडवर लागता लागता आडवी होणार होती. ती तशीच पळाली. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात भिंग.

समोर उलव्याचे पंधरा मजली टॉवर, आणि त्यांच्या मधोमध गावदेवीचं एवढंसं देऊळ. देवळापुढे काळ्या कातळाची शिळा, एका पलंगाएवढी. तिच्या फटीफटीतून पिवळी धम्मक फुलं. आणि एक पन्नाशीचा माणूस उकिडवा बसून ती फुलं खुडत होता. दोन्ही हातांनी. पटापट.

"हे नामाकाका," ऋषी मागून धापा टाकत म्हणाला. "सकाळी देवी, दुपारी रिक्षा. काका, ही माझी मैत्रीण. फुलांची डॉक्टर होतेय."

"मग वरडते कनाला?" नामाकाकांचे हात काही थांबले नाहीत. "नवरात हाय. देवीची माळ बाकी हाय माझी."

आता ही एवढी का ओरडली ते ऐका. फुलाचं नाव कवला. त्याच्या दोन जाती. एक खरखरीत, तो पावसानंतर कुठेही उगवतो. दुसरा गुळगुळीत, तो फक्त इथल्या एका डोंगराच्या उघड्या कातळावर. फूल डिट्टो तेच. तोच पिवळा रंग, तेच दोन लाल ठिपके. फरक एकच. फुलाखालच्या हिरव्या वाटीवर बारीक केस असतात किंवा नसतात. दोन वर्षं झाली, गीतांजली भिंग लावून तो फरक शिकतेय. अजून पाचातलं एक चुकतं.

आणि तो डोंगर आता नाहीच. विमानतळासाठी फोडला. तिच्या जयप्रकाश सरांची कातळफुलांची यादी आज संध्याकाळी छापायला जाणार होती. सगळी नावं भरून झाली होती, फक्त गुळगुळीत कवल्यापुढची जागा रिकामी. 'नामशेष' लिहायला सरांचा हात धजत नव्हता. सकाळी ऋषीने देवळाचा फोटो स्टेटसला टाकला. कोपऱ्यात काळा कातळ, त्यावर पिवळे ठिपके. गीतांजलीने तो फोटो इतका मोठा केला की शेवटी नुसते चौकोन दिसायला लागले. मग ऋषीला फोन केला, 'आत्ताच्या आत्ता ने मला तिथे.'

आणि इथे हा माणूस ते खुडून टोपलीत टाकतोय!

तिने टोपलीच ओढली. वरचं फूल उचलून भिंगाखाली धरलं. केस. दुसरं. केस. दहावं, विसावं, तिसावं. सगळ्यांना केस.

खरखरीत. सगळा खरखरीत.

ती शिळेच्या कडेला मटकन बसली. हेल्मेट काढलं.

"अगं, पण पिवळं आहे ना?" ऋषी म्हणाला.

"ऋषी, गप."

तिने सरांना फोन लावला. रिंग जात होती. एकच वाक्य बोलायचं होतं, 'सर, लिहून टाका.'

नामाकाका उठले. टोपली परत घेतली, आत डोकावले. "झाली माळ."

"कुठे झाली काका?" ऋषीने शिळेकडे हात केला. "एवढी राहिली की अजून. माळ आखूड पडेल तुमची."

"पडूदे आखूड. ती नाय तोडायची."

गीतांजलीने मान वर केली. फोनमधून सर "हॅलो, बोल गं, हॅलो" करत होते. तिने फोन तसाच कातळावर ठेवला आणि पालथी पडली. चक्क पालथी. भिंग न तोडलेल्या फुलाखाली नेलं.

गुळगुळीत.

पुढचं, गुळगुळीत. त्याच्या पुढे एका फटीत दोन देठ खुडलेले, आणि त्यांना अगदी चिकटून उभं असलेलं तिसरं, गुळगुळीत. तिने मोजली. एक्केचाळीस फुलं. एकही चूक नाही. एक सुद्धा नाही! जे ओळखायला सरांना टेबल लागतं, दिवा लागतो, ते हा माणूस गप्पा मारत, न बघता करत होता. दोन्ही हातांनी.

"काका," तिने पडल्या पडल्या विचारलं. "कसं ओळखता तुम्ही?"

"त्यात काय ओलखायचाय?" त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून दाखवलं. "फुलाखाली बोट लावायचा. खरखर लागला का खुडायचा. मऊ लागला का हात काढून घ्यायचा."

"पण का? मऊ का नाही तोडायचं? देवीला चालत नाही का?"

नामाकाका हसले. टोपली देवीच्या पायरीवर ठेवली आणि येऊन तिच्याशेजारी बसले.

"खरखरीत त्या सोसायटीच्या लॉनचा हाय. लॉनला डंपरभर माती आनली ना, तिच्यातनं आला. पाव्हना हाय, देवीला चालतो. पन यो मऊ..." त्यांनी एका फुलाखाली बोट नेलं, लावलं मात्र नाही. "डोंगर फोडायच्या आदी आमी घरा सोडली. तवा देवीची ही शीला टेम्पोत घालून आनली. यो फटीत बसून आमच्यासंगती आला. तेचा डोंगर गेला, आमचा पन गेला. पोरी, एकदा उठवलेल्याला परत कोन उठवील?"