ईशानीची पहिली भूक

चार वर्षांच्या ईशानीच्या दंडावरची पोषणपट्टी डॉक्टरांनी सकाळीच काढली होती. तिच्या वयाच्या कुठल्याच मुलाला आजवर जेवावं लागलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत भूक जागी झाली नाही, तर पट्टी आयुष्यभर लावावी लागेल, असं त्यांनी तिच्या बाबांना, निनादला, बजावलं होतं.

सातच्या सुमारास ती रडवेली होऊन आली.

"बाबा, पोटात काहीतरी ओढतंय."

निनादचा जीव भांड्यात पडला. "अगं, हीच भूक!"

त्यानं कितीतरी वर्षांनी केलेला वरणभात मऊ कालवला, वर तूप सोडलं. पहिला घास ईशानीनं बराच वेळ तोंडात घोळवला, मग गिळला आणि पुन्हा आ केला.

ताटली चाटूनपुसून साफ झाल्यावर ती पोट चाचपत काळजीनं म्हणाली, "गेली भूक. उद्या परत येईल ना?"