वीतभर बांध

धाकट्याने बांध वीतभर सरकवला, असं थोरल्याच्या मनाने घेतलं. डोक्यात राख घालून तो धावला आणि कुदळीचा दांडा त्याने सख्ख्या भावाच्या टाळक्यात हाणला. रक्ताने माखलेला धाकटा आपल्या रानात, कापणीनंतर मुद्दाम राखलेल्या धसकटांवर कोसळला, तर वर कमरेत लाथ बसली.

"माझं रान बघ, नांगरून कसं लख्ख ठेवलंय. तुझ्यासारखा उकिरडा नाही केला. यातला मातीचा कणही तुला मिळणार नाही."

पुढे कोरडा वारा पिसाटासारखा सुटला. तो निवला तेव्हा थोरल्याच्या रानात नुसता मुरूम उघडा पडला होता आणि वरची सगळी माती धाकट्याच्या धसकटांत अडकून बसली होती.

 

"दादा, बांध मोजून घे," डोक्याची पट्टी सावरत धाकटा म्हणाला, "तो जागचा हललेला नाही."