रिकामा हात

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या साइटवर पाया खणताना जुना पितळी शिक्का सापडला. जमिनीतून निघालेल्या वस्तूला आधी कुंकू लावायचं, ही आमच्या घरची रीत. गाडीतल्या गणपतीपुढचं कुंकू पाण्यात कालवून मी शिक्क्याला लावलं, तेवढ्यात म्युझियमच्या मरियम मॅडम आल्या. त्यांना कळलं तर काम सहा महिने बंद! मी शिक्का मुठीत घट्ट आवळला आणि त्या जवळ येताच हळूच खिशात सोडला.

"मिस्टर चंद्रहास, खाली काही सापडलं?"

"काहीच नाही मॅडम, नुसती वाळू." मी रिकामा हात उघडून दाखवला.

त्या माझ्या तळहाताकडे बघतच राहिल्या.

"ढाल, दोन सिंह, वर मुकुट. हा तर पोर्तुगीज सरदाराचा शिक्का. द्या इकडे."