पाच फूट कमी

"अठ्ठावन्न फूट!" आयुष पाण्याच्या टाकीखालून ओरडला.

सहादूआप्पांनी मान हलवली. होकाराची नव्हे, नकाराची. "त्रेसष्ट आहे. पाणीपुरवठा खात्यात सगळी हयात क्लार्की केली मी. ह्या टाकीचा नकाशा माझ्याच टेबलावरून गेलाय. पाच फूट कमी."

राखीने चमकून सासऱ्यांकडे पाहिलं. ही काही गंमत चालली नव्हती. टाकीची उंची गणिताने बरोबर काढली तर पोरं घरी शिकणार, चुकली तर सोमवारी दोघांची शाळेत ॲडमिशन, असं त्यांनी काल सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं. आणि आप्पांनी एकदा ठरवलं की त्यांच्या मुलाची, म्हणजे राखीच्या नवऱ्याची, तोंड उघडायची टाप नव्हती.

आयुष पंधराचा, मनाली तेराची. गेल्या वर्षी द्वारका चौकाकडून येणाऱ्या स्कूलबसचा हॉर्न ऐकला की आयुषला उलटी व्हायची. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी राखीनेच दोघांना घरी शिकवायला घेतलं. दहावीला बाहेरून बसवू, म्हणाली. पोरगा पुन्हा पोटभर जेवायला लागला, हसायला लागला. आप्पांना मात्र ते पटेना. "सिन्नरकडं माझा बाप शाळेच्या खिडकीबाहेर उभा राहून पाढे शिकला," ते म्हणायचे, "आणि माझी नातवंडं शाळा सोडून घरात बसणार?" त्यांचंही खरंच होतं. मग ते विचारायचे, "ह्यांचा बाप जातो कामावर. मग गणित शिकवणार कोण?" आणि ते हे विचारत तेव्हा राखी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोरच उभी असायची, बरं का!

आता राखीचं आणि गणिताचं किती सख्य, ते तिच्या माहेरी विचारा. दहावीला गणितात दांडी उडाली होती बाईची! ऑक्टोबरला कशीबशी सुटली आणि गणिताला तिने लांबूनच हात जोडले, ते कायमचे. पोरांसाठी पुन्हा पुस्तक उघडलं, तेही दहावीचं नाही, आठवीचं. तिथपासूनच सगळं पुसलं गेलं होतं. फोडणी देता देता तिने अधिक-उणेचे नियम घोकले. कंस सोडवताना रडलीसुद्धा. पण एके दिवशी एक भलंमोठं समीकरण सुटलं, आणि ही स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवत नाचली. त्यानंतर पोरांपुढे बसायची ती ऐटीत.

ती सगळी ऐट आता उतरायची वेळ आली होती.

टाकी मोजायची युक्ती तिचीच. कोनमापकाला सरबताची नळी चिकटवायची, दोऱ्याला नट बांधून खाली सोडायचा, आणि नळीतून टाकीचा वरचा कठडा बघत मागे मागे सरकायचं. दोरा पंचेचाळीस अंश दाखवू लागला की थांबायचं. तिथून टाकीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच टाकीची उंची. नळीला डोळा राखीने लावला होता. टेप पोरांनी धरला होता.

"परत मोजा की," आप्पा म्हणाले. माणूस कडक होता, पण मनाचा वाईट नव्हता.

परत मोजलं. परत अठ्ठावन्न.

आयुषचा चेहरा उतरला. त्याचा हात नकळत पोटावर गेला. राखीने ते पाहिलं.

"मम्मी, टेप ढिला पडला होता का गं?" मनाली रडवेली झाली.

"टेप ढिला असता तर आकडा बदलला असता," राखी म्हणाली. बोलली आणि स्वतःच थबकली. खरंच की! हात चुकला असता तर एकदा चार कमी आले असते, एकदा सहा. दोन्ही वेळा बरोब्बर पाचच? मग मोजलं ते बरोबरच आहे. काहीतरी मोजायचंच राहिलंय.

"चला, झालं ना आता?" आप्पा फाटकाकडे वळले.

"थांबा!"

सासऱ्यांना असं दरडावून थांबवायची तिची पहिलीच वेळ. तिचं तिलाच नवल वाटलं, पण आता माघार नव्हती. तिने वर कठड्याकडे पाहिलं. मग मान खाली आणून सरळ समोर पाहिलं. समोर टाकीचा खांब होता आणि नजरेच्या रेषेत त्यावरचा गंजलेला बोर्ड, 'पाणी जपून वापरा'. कोन मोजला होता तो तिथून वर. बोर्डाखालचा खांब कुणी मोजलाच नव्हता!

तिला हसूच फुटलं. टेपचं टोक तिने चपलेखाली दाबलं. "मनाली, टेप वर आण. माझ्या डोळ्यापर्यंत. आणि आकडा आप्पांना ऐकू जाईल असा वाच."

"पाच!" मनाली किंचाळलीच. "मम्मी, पाच फूट!"

"अठ्ठावन्न आणि पाच, त्रेसष्ट!" आयुषने बहिणीला उचलून गरागरा फिरवलं. फाटकावरच्या वॉचमनने काही न कळता शिट्टी फुंकली.

आप्पांनी टाकीकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. घसा खाकरून म्हणाले, "सोमवारची शाळा रद्द. पोरं घरीच शिकतील. पण राखी, मला जरा नीट समजावून सांग. हे पाच फूट इतका वेळ होते कुठं?"

"इथंच तर होते, आप्पा," राखी म्हणाली. "ते पाच फूट म्हणजे मी. मला हिशेबात कुणी धरलंच नव्हतं. मीसुद्धा नाही."