माणिकबाईची ओटी

खुशालराव पाटील ओंजळभर कापूस घेऊन समोर उभे होते आणि माणिकबाईला पदर पसरता येत नव्हता.

गाणं नुकतंच संपलं होतं. कापसाच्या वेचणीच्या पहिल्या दिवशी पऱ्हाटीचं एक झाड सीतामाईच्या नावानं न वेचता ठेवायचं, उन्हं कलली की बायकांनी त्याच्याभोवती उभं राहून गाणं म्हणायचं, मग धन्यानं ते झाड स्वतःच्या हातानं वेचून गाणारणीची ओटी भरायची, असा या वावराचा रिवाज. भातकुलीच्या आसपास हे गाणं माणिकबाईसारखं कुणी म्हणत नसे. आज मात्र तिचा आवाज दोनदा चिरकला.

सीता उभी बांधावर, दे रे मूठ कापसाची,
बाळं उघडी रानात, थंडी पडली माघाची.
धनी म्हने नाई माय, माह्या वावरात काई,
सकाळी तो बोंडं फोडी, आत कापूसच नाई.

हावरेपणाचं हे फळ ती वीस वर्षं लोकांना गाऊन सांगत आली होती. आणि आज तिच्याच कमरेला, लुगड्याच्या घडीत, दोन मुठी चोरीचा कापूस खोचलेला होता. पदर सोडला की तो दिसणार.

दुपारपासून तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. सगळा मुलूखच तसा झाला होता म्हणा. सातासमुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई लागली होती आणि कापसाचे भाव इकडे चढत होते. माणसं घासही धड चावत नसत, अर्धं लक्ष वावरात. अमरावतीच्या व्यापाऱ्याची गाडी तर वेचणी व्हायच्या आतच बांधावर येऊन थांबली होती आणि गाडीवान सारखा हाका मारत होता. अशा दिवसांत पाटलांनी सकाळीच सांगून टाकलं, की यंदा वेचणाऱ्यांना कापसाचा वाटा मिळायचा नाही, रोजाचे पैसे तेवढे मिळतील. दरवर्षी त्या वाट्यातूनच या बायकांच्या घरच्या दुलया भरत. माणिकबाईची लेक बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते आणि पोराच्या अंगावर फाटक्या लुगड्याखेरीज काही नव्हतं. ज्यानं वाटा तोडला तो सीतामाईच्या नावानं ओटी कशाला भरतो, असं तिच्या मनानं घेतलं. मग वेचता वेचता हात कमरेकडे कधी गेला ते तिचं तिलाच कळलं नाही.

आणि आता हा माणूस खरंच ओटी भरायला उभा. त्याच्या ओंजळीतला कापूस तिच्या चोरीच्या दुप्पट होता. जरा दम धरला असता तर तो उजळ माथ्यानं घरी नेता आला असता. माणिकबाईला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"पसर ना वो मावशी पदर," खुशालराव म्हणाले. "थांबली काहून?"

"मले नोको, पाटील." तिनं पदर कमरेशी आवळून धरला. "माहं भागते. दुसऱ्या कोनाले द्या."

 खुशालराव शेजारच्या दुर्गाबाईकडे वळले. दुर्गाबाई एक पाऊल मागे सरली. माणिकबाईनं नाही घेतलं तर आपण कशा घेणार, असं ती खाली बघत पुटपुटली. तिच्या पलीकडचीनंही नुसती मान हलवली. आपल्या खोट्या मोठेपणाला या बिचाऱ्या भुलल्या, असं वाटून माणिकबाई शरमेनं अर्धी झाली.

पाटलांचे डोळे भरून आले. ओंजळीतला कापूस त्यांनी अलगद झाडाच्या बुंध्याशी ठेवला.

"मी तुमचा वाटा तोडला," ते म्हणाले, "अन् तुमी हातात आलेला कापूस सोडून राहिल्या. उद्यापासून पह्यलेसारखा वाटा घ्या. आजचाबी घ्या."

 बांधावरच्या गाडीवानानं पुन्हा हाक मारली.

रिवाजातलं आता एवढंच उरलं होतं. सगळ्यांनी वाकून झाडाच्या बुंध्याला डोकं टेकायचं. वाकलं की घडीतला कापूस बाहेर पडणार, हे माणिकबाईला पक्कं ठाऊक होतं. बाकीच्या वाकल्या की त्यांच्या पाठीआडून आपण हळूच मागं सरकू, असं ठरवून ती थांबली. बराच वेळ थांबली. शेवटी तिनं मान वळवून पाहिलं.

बाकीच्या अकराच्या अकरा जणी कमरेच्या घडीवर हात धरून ताठ उभ्या होत्या, आणि जी ती दुसरीनं आधी वाकायची वाट पाहत होती.